सोलर आणि बॅटरीची कोटेशने: रकमा जुळवण्याआधी मागणी एक करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरासाठी सोलर पॅनेल आणि बॅटरीची तीन कोटेशने आली आहेत. पहिल्यात '५ किलोवॉट सोलर, १० युनिट लिथियम बॅटरी, सर्व कामासह' एवढी एकच ओळ आहे (युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास वीज) आणि रक्कम सर्वांत कमी. दुसऱ्यात ५.५ किलोवॉटचे पॅनेल, ५ किलोवॉटचा हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल आणि बॅटरीची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारे, दोन्ही सांभाळणारे यंत्र), १०.२ युनिटची बॅटरी आणि तीन पाने तपशील. रक्कम पहिल्याच्या सव्वापट. तिसऱ्यात ४.४ किलोवॉटचे पॅनेल, प्रत्येक पॅनेलखाली मायक्रोइन्व्हर्टर (त्या एका पॅनेलपुरता छोटा इन्व्हर्टर) आणि स्वतःचा इन्व्हर्टर असलेली १३ युनिटची बॅटरी, रक्कम दीडपट. काम एकच असताना एवढा फरक का पडतो आणि मधले कोटेशन घेतले तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

काम एकच नाही, म्हणूनच फरक पडतो. तिघांनी तुमची गरज आपापल्या अंदाजाने ठरवली आणि त्या अंदाजाची किंमत सांगितली. एकाने फक्त कमीत कमी रक्कम दिसावी असा विचार केलेला दिसतो. दुसऱ्याने बिल आणि वीज गेल्यावरची सोय असे दोन्ही धरले असावे. तिसऱ्याला छतावर सावली दिसली असेल, किंवा तो एकाच प्रकारचा माल विकत असेल. अशा स्थितीत मधली रक्कम निवडणे म्हणजे काहीच न तपासता निवडणे आहे. माझा सल्ला असा की आज कोणालाच होकार देऊ नका. एक पानाची मागणी लिहा, तीच तिघांना पाठवा आणि तिच्यावर नवी कोटेशने मागवा.

त्या पानावर फार काही लागत नाही. मागच्या बारा महिन्यांची बिले, महिन्यागणिक युनिटसह. छताचे माप, दिशा, आणि पाण्याची टाकी, झाड, शेजारची इमारत यांच्या जागा. वीज गेल्यावर घरातले काय काय चालू राहिले पाहिजे आणि किती तास. येत्या दोन-तीन वर्षांत मोठा वापर वाढणार आहे का, उदाहरणार्थ विजेवरची गाडी. घरात सिंगल फेज आहे की थ्री फेज. आणि शेवटी एक ठाम वाक्य: बॅटरीसह आणि बॅटरीशिवाय अशा दोन वेगळ्या रकमा द्या.

हे शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पॅनेल आणि बॅटरी एकाच रकमेत बांधून दिली की पॅनेलचा फायदा बॅटरीचा तोटा झाकून टाकतो. पॅनेल बहुतेक ठिकाणी स्वतःची किंमत वसूल करतात. बॅटरीचे तसे नाही. ती वीज तयार करत नाही, फक्त दुपारची वीज रात्रीकडे नेते, आणि नेताना थोडी खाते. बॅटरीत घातलेल्या १० युनिटपैकी इन्व्हर्टरचा तोटा धरून साधारण ८.५ ते ९ परत मिळतात.

आता हिशेब करू. वीज कंपनीकडून घेतलेल्या एका युनिटचा दर १० मानू. तुम्ही जास्तीची वीज परत पाठवलीत आणि त्याचे ४ मिळाले, तर रात्री एक युनिट बॅटरीतून वापरण्यासाठी दिवसा सुमारे १.१ युनिट साठवावे लागते, म्हणजे ४.४ वर पाणी सोडावे लागते. वाचतात १०. निव्वळ फायदा ५.६. पण तुमच्याकडे नेट मीटरिंगमध्ये पाठवलेल्या युनिटच्या बदल्यात पूर्ण युनिट मिळत असेल, तर ११ सोडून १० वाचवता. म्हणजे बॅटरी रोज वापरली की रोज थोडा तोटा. अशा ठिकाणी बॅटरी बिलासाठी घ्यायची नसते. वीज जाते तेव्हाच्या सोयीसाठी घ्यायची असते, आणि त्या सोयीला घरात किती किंमत आहे ते तुम्हीच ठरवू शकता. घरात ऑक्सिजन यंत्रावर कोणी असेल तर हा हिशेब लागूच होत नाही. संध्याकाळचा दर दुपारच्या दुप्पट असेल तर मात्र तो पुन्हा बदलतो. तिन्ही कोटेशनांत तुमच्या दराची रचना कुठेही लिहिलेली नाही, याचा अर्थ बॅटरी का घ्यायची हे तिघांपैकी कोणीही तपासलेले नाही. नियम अनुकूल असतील तर आज हायब्रिड इन्व्हर्टर आणि पॅनेल बसवून बॅटरी नंतर जोडणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे. अट एवढीच की नंतर कोणत्या बॅटऱ्या त्या इन्व्हर्टरला चालतील याची यादी आज लेखी हवी.

पॅनेलकडे येऊ. '५ किलोवॉट' ही दोन वेगळ्या गोष्टींची मापे असू शकतात: पॅनेलची एकूण क्षमता किंवा इन्व्हर्टरची. पहिल्या कोटेशनमधले ५ कशाचे आहेत ते विचारा. ५ किलोवॉटच्या इन्व्हर्टरवर ४ किलोवॉटचे पॅनेल लावून 'पाच किलोवॉट सिस्टीम' म्हणून विकलेली मी पाहिली आहे. उलट, इन्व्हर्टरपेक्षा पॅनेल थोडे जास्त असणे चांगले. दुसऱ्या कोटेशनमध्ये ५.५ वर ५ आहे, ते योग्यच आहे, गुणोत्तर १.१ ते १.३ पर्यंत सर्रास ठेवतात. भर दुपारी काही काळ इन्व्हर्टर वरचा भाग कापतो, पण सकाळ-संध्याकाळ आणि ढगाळ दिवसांत जास्त वीज मिळते.

किलोवॉट हे फक्त प्रयोगशाळेतले माप आहे. १००० वॉट प्रति चौरस मीटर प्रकाश आणि पॅनेलच्या सेलचे तापमान २५ अंश, या स्थितीत ते मोजतात. तुम्हाला हवी असतात वर्षाची युनिट. एक किलोवॉट पॅनेल उत्तरेकडच्या ढगाळ प्रदेशात वर्षाला ९०० ते १००० युनिट देतो, तर कोरड्या, भरपूर उन्हाच्या प्रदेशात १६०० ते १८००. तुमच्या जागेचा आकडा कोटेशनवर विसंबून घेऊ नका. युरोपीय आयोगाचे पीव्हीजीआयएस आणि जागतिक बँकेचा ग्लोबल सोलर अॅटलास ही दोन्ही साधने फुकट आहेत. नकाशावर घर दाखवा, छताचा उतार आणि दिशा भरा, महिन्यागणिक आकडे मिळतात. पीव्हीजीआयएस तोटा १४ टक्के धरून चालते, घरगुती कामासाठी तो ठीक आहे. समजा तुमच्याकडे १४०० आले. मग दुसरे कोटेशन वर्षाला सुमारे ७७०० युनिटचे आहे आणि तिसरे सुमारे ६१६० चे. दुसऱ्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त रकमेत पाचवा हिस्सा कमी वीज. तिसऱ्याला याचे कारण विचारायलाच हवे. एखाद्याने या साधनापेक्षा १० टक्क्यांहून जास्त उत्पादन लिहिले असेल तर कोणत्या गृहीतकावर, हेही विचारा. 'दोन्ही बाजूंनी वीज देणारे पॅनेल, म्हणून २० टक्के जास्त' हे उत्तर आले तर सावध राहा. छताला चिकटून बसवलेल्या पॅनेलच्या मागच्या बाजूला प्रकाश जवळजवळ पोचतच नाही.

पॅनेलच्या मेकवर लोक फार वेळ घालवतात. मला तेवढा वेळ तिथे घालवावासा वाटत नाही. डेटाशीटवर दोन गोष्टी पाहा. एक, तापमानाचा गुणांक, म्हणजे पॅनेल तापला की दर अंशाला किती टक्के वीज घटते. उन्हात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतो. २५ च्या वर ४० अंश. गुणांक ०.३५ टक्के असेल तर त्या क्षणी १४ टक्के वीज कमी, ०.२९ असेल तर साडेअकराच्या आसपास. उष्ण जागी हा फरक वर्षभर जाणवतो. दोन, आयईसी (विजेच्या उपकरणांची आंतरराष्ट्रीय मानके) ६१२१५ आणि ६१७३० ही प्रमाणपत्रे, आणि घर समुद्राजवळ असेल तर खाऱ्या हवेच्या चाचणीचे ६१७०१. कार्यक्षमता २० टक्के की २२ हे फक्त छत अपुरे असेल तरच महत्त्वाचे. आणि 'टियर वन कंपनी' हे शब्द गुणवत्तेचे प्रमाणपत्र म्हणून वाचू नका. ब्लूमबर्गएनईएफ या ऊर्जाक्षेत्रावर संशोधन करणाऱ्या संस्थेची ती यादी बँका त्या कंपनीच्या मालावर कर्ज द्यायला तयार आहेत का यावरून बनते. पॅनेल किती टिकेल याची परीक्षा तिच्यात नसते.

मायक्रोइन्व्हर्टर हवेत का, याचे उत्तर सावलीत आहे. साध्या रचनेत पॅनेल एकामागे एक जोडून एक स्ट्रिंग होते आणि तिच्यातल्या एका पॅनेलवर सावली आली की त्याचा परिणाम इतरांवरही होतो. पॅनेलमध्ये बहुधा तीन बायपास डायोड (सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारे भाग) असतात, त्यामुळे सगळी स्ट्रिंग बंद पडत नाही, पण नुकसान होते. मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनेलची वीज स्वतंत्रपणे जुळवणारे छोटे यंत्र) लावले की प्रत्येक पॅनेल आपापले काम करतो. छत तीन दिशांना उतरते असेल, टाकीची सावली दोन तास फिरत असेल, तर हा खर्च वसूल होतो. मोकळ्या, एकाच दिशेच्या छतावर होत नाही, उलट छतावर उन्हात तापणारी यंत्रे वाढतात आणि दुरुस्तीला पॅनेल उचलावा लागतो. तिसऱ्याने सावलीचा अभ्यास केला असेल तर तो कागदावर असेल. तो मागा. सूर्य आकाशात सर्वांत खाली असतो त्या महिन्यातली सकाळी नऊ ते दुपारी तीनची सावली त्यात दिसली पाहिजे.

एक तांत्रिक गोष्ट तुम्ही स्वतः तपासू शकता. थंडीत पॅनेलचा व्होल्टेज वाढतो, दर अंशाला साधारण पाव टक्का किंवा थोडा जास्त. ५० व्होल्टचे १२ पॅनेल जोडले तर २५ अंशांना ६०० व्होल्ट होतात, आणि शून्य अंशाच्या पहाटे ६४० च्या आसपास. इन्व्हर्टरची मर्यादा ६०० असेल तर तो जळू शकतो, आणि मर्यादेबाहेरच्या जोडणीला कंपनी वॉरंटी देत नाही. कोटेशनसोबत स्ट्रिंगचा नकाशा आणि हा हिशेब मागितला की समोरच्याला काम येते की नाही ते लगेच कळते.

आता बॅटरी. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण कोटेशनांमधली सर्वाधिक धूसर भाषा इथेच असते.

पहिला आकडा क्षमतेचा. लिहिलेली क्षमता आणि वापरता येणारी क्षमता वेगळी. १०.२ युनिटची बॅटरी ९० टक्क्यांपर्यंतच रिकामी करायची असेल तर हातात ९.२ युनिट येतात. तिसऱ्याची १३ ही वापरता येणारी आहे की एकूण, तेही विचारा. काही कंपन्या वापरता येणारीच लिहितात, काही एकूण लिहितात, आणि दोन आकडे शेजारी ठेवले की दुसऱ्या प्रकारची बॅटरी विनाकारण मोठी दिसते.

स्वस्त कोटेशनमध्ये कधीकधी युनिटऐवजी अँपिअर-तास असतात: '१५० एएच, चार नग'. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १.८ युनिट, चार नगांचे ७.२. त्या लेड अॅसिड असतील तर निम्म्याहून जास्त रिकाम्या केल्या की आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून खरोखर हाती ३.६ युनिट. शिवाय त्यांतल्या बहुतेक रोज भरून रोज रिकाम्या करण्यासाठी नसतात. कधीमधी वीज जाते तिथे त्या चालतात, रोजच्या सोलर साठ्यासाठी लवकर संपतात. पहिल्या कोटेशनमध्ये 'लिथियम' एवढाच शब्द आहे, तोही पुरेसा नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट आहे का, ते लिहून घ्या. घरासाठी मी तेच सुचवतो: वजन आणि जागा थोडी जास्त लागते, पण अतितापमानात ते निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारापेक्षा स्थिर आहे आणि जास्त वेळा भरता-रिकामे करता येते. सुरक्षिततेसाठी आयईसी ६२६१९ चे प्रमाणपत्र मागा.

मग वॉरंटी. 'दहा वर्षे' हे शब्द अर्धेच असतात. खालच्या ओळीत असते 'किंवा इतकी मेगावॉट-तास ऊर्जा, जे आधी होईल ते'. समजा ९ युनिट वापरता येणाऱ्या बॅटरीला २७ मेगावॉट-तासांची, म्हणजे २७,००० युनिटची मर्यादा आहे. २७,००० भागिले ९ म्हणजे ३००० पूर्ण फेऱ्या (एक फेरी म्हणजे एकदा भरून रिकामी करणे). रोज एक फेरी झाली तर सव्वाआठ वर्षांत वॉरंटी संपली, कॅलेंडर काहीही म्हणो. म्हणून मी बॅटरीची रक्कम युनिट क्षमतेने न भागता वॉरंटीतल्या एकूण ऊर्जेने भागतो. हा एकच भागाकार केला की स्वस्त-महाग यांची जागा अनेकदा उलटते. दुसऱ्या बाजूने, '६००० सायकल' हा जाहिरातीतला आकडाही जसाच्या तसा घेऊ नका. तो बहुधा २५ अंश तापमानात आणि ठरावीक संथ वेगाने मोजलेला असतो, आणि रोज एक फेरी धरली तर सोळा वर्षे होतात. एवढ्या काळात बॅटरी वापर नसतानाही वयाने झिजते. वॉरंटीच्या शेवटी किती क्षमता उरलेली असेल, ६० टक्के, ७० की ८०, हेही तीन कोटेशनांत शेजारी शेजारी लिहा.

उष्णता बॅटरीचा शत्रू आहे. कोटेशनमध्ये बॅटरी कुठे बसणार ते लिहिलेले असावे. दुपारचे ऊन लागणारी भिंत, पत्र्याची बंद खोली, झोपायची खोली, घरातून बाहेर पडायची वाट, या जागा नकोत. सावलीची, हवा खेळणारी, पाणी न साचणारी जागा हवी. फार थंड प्रदेशात उलटी अडचण असते: लिथियम आयर्न फॉस्फेट शून्याच्या खाली भरायची नसते, त्यामुळे आत हीटर आहे का ते विचारा.

दुसरा आकडा ताकदीचा, आणि तो लोक विसरतात. बॅटरीत किती युनिट आहेत यावरून घर किती वेळ चालेल ते कळते. एका वेळी काय काय चालेल ते किलोवॉटवरून कळते. ५१ व्होल्टची, २०० अँपिअर-तासाची बॅटरी सलग १०० अँपिअर देत असेल तर ५ किलोवॉट मिळतात, ५० अँपिअर देत असेल तर अडीच. इन्व्हर्टर ५ चा असून उपयोग नाही. ९.२ युनिटवर ५०० वॉटचा वापर असेल तर सुमारे १७ तास निघतात, अडीच किलोवॉट सलग ओढले तर साडेतीन तासांत संपते. आणि मोटर. एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चालताना साधारण एक किलोवॉट घेतो, पण सुरू होताना क्षणभर पाच ते सात पट विद्युतप्रवाह ओढतो. इन्व्हर्टर काही सेकंद दीड-दोन पट भार सोसतो, त्याहून जास्त नाही. वीज गेल्यावर पंप किंवा एसी चालायला हवा असेल तर 'बॅकअप मिळेल' या शब्दांवर समाधान मानू नका. 'हा पंप बॅकअपवर सुरू होईल' असे वाक्य कोटेशनमध्ये घाला, आणि काम पूर्ण झाल्यावर मुख्य स्विच बंद करून तो समोर सुरू करून दाखवायला सांगा.

वीज गेल्यावर नेमके काय होते, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. साधी, ग्रिडला जोडलेली सोलर यंत्रणा ग्रिड बंद पडले की स्वतःहून बंद होते. तारांवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ते सक्तीचे आहे. म्हणजे भर उन्हात वीज गेली तरी घरात अंधार. बॅटरी असली तरी बॅकअपची सोय वेगळी असते आणि ती प्रत्येक बॅटरी यंत्रणेत नसते. म्हणून विचारा: वीज गेलेली असताना पॅनेल बॅटरी भरत राहतात का? बदल किती वेळात होतो? २० मिलिसेकंदांत झाला तर संगणक बंद पडत नाही, काही सेकंद लागले तर पडतो. थ्री फेज घर असेल आणि इन्व्हर्टर सिंगल फेज असेल तर बॅकअप एकाच फेजवर मिळतो. मग हव्या त्या खोल्या त्या फेजवर आणाव्या लागतात. त्यासाठी वेगळा वितरण बोर्ड आणि घरातले वायरिंग बदलण्याचा खर्च येतो. हा खर्च पहिल्या कोटेशनमध्ये नक्कीच नाही, असे त्या एका ओळीवरून मला वाटते. बसवायच्या दिवशी तो 'जादा काम' म्हणून पुढे येतो.

छोटी बाब, पण विचारा: यंत्रणा नुसती चालू राहायला स्वतः किती वीज खाते? ५० वॉट म्हणजे दिवसाला १.२ युनिट, वर्षाला जवळजवळ ४४०.

आता ज्या गोष्टी कोटेशनमध्ये एका ओळीत येतात किंवा येतच नाहीत त्या पाहू. माझ्या अनुभवात तक्रारी पॅनेलच्या क्वचित येतात. त्या येतात गळणाऱ्या छताच्या, गंजलेल्या सांगाड्याच्या, वितळलेल्या कनेक्टरच्या आणि बंद पडलेल्या इन्व्हर्टरच्या. म्हणून स्वस्त कोटेशनची बचत कुठून आली ते मी इथे शोधतो. सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) आहे की नुसता रंगवलेला? बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत का? तुमच्या भागातल्या वाऱ्याच्या वेगासाठी गणित केले आहे का? उंच सांगाडा हवा असेल तर हा प्रश्न जास्तच गंभीर, कारण वारा पॅनेलला पंखासारखा उचलतो. छताला जिथे भोक पडेल तिथे गळती झाली तर ती कोण दुरुस्त करणार आणि किती वर्षे? छत पाच वर्षांत दुरुस्त करायचे असेल तर ते आधी करा. पॅनेल उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च मोठा असतो.

तारांबाबत: छतावरच्या डीसी तारा उन्हाला टिकणाऱ्या, कल्हई केलेल्या तांब्याच्या, ४ किंवा ६ चौरस मिलिमीटरच्या हव्यात आणि मोकळ्या लोंबणाऱ्या नकोत. दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी४ पद्धतीचे कनेक्टर (पॅनेलच्या तारा जोडणारे) एकमेकांत बसतात, म्हणून ते जोडून टाकतात. पण ते नीट जुळत नाहीत, तापतात आणि छतावरच्या आगीचे ते एक ठाऊक कारण आहे. डीसी ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, हे इथे लक्षात ठेवा. 'दोन्ही टोकांना एकाच कंपनीचे कनेक्टर' ही ओळ कोटेशनमध्ये मागायला संकोच करू नका. डीसी आयसोलेटर (डीसी वीज तोडणारा स्विच), डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारे) आणि स्वतंत्र अर्थिंग या गोष्टी नगासह लिहिलेल्या हव्यात. 'आवश्यकतेनुसार संरक्षण साहित्य' हे चालणार नाही.

वॉरंटी तीन वेगळ्या माणसांची असते, हे कोटेशनमध्ये मुद्दाम सैल ठेवलेले असते. पॅनेलच्या वस्तूची वॉरंटी १२ ते २५ वर्षे, पॅनेल किती वीज देईल याची २५ ते ३० वर्षे. ठळक अक्षरांत '३० वर्षे' असते ती दुसरी. नव्या पॅनेलमध्ये पहिल्या वर्षी १ टक्का आणि पुढे दरवर्षी ०.४ टक्के घट धरून तीस वर्षांअखेर ८७.४ टक्के, असा तो हिशेब असतो. चांगला आहे, पण घट सिद्ध करायला चाचणी लागते आणि बहुतेक वेळा पॅनेल काढणे, पाठवणे, परत बसवणे यांचा खर्च मालकावर येतो. वस्तूची वॉरंटी आणि तिच्यात मजुरी धरली आहे का, हे जास्त उपयोगाचे. इन्व्हर्टर सर्वांत आधी बिघडण्याची शक्यता असते. त्याची ५ वर्षांची वॉरंटी आणि १० वर्षांची वॉरंटी हा खराखुरा पैशाचा फरक आहे. तिसरी वॉरंटी बसवणाऱ्याच्या कामाची. ती देणारा माणूस पाच वर्षांनी व्यवसायात असेल का, याचा अंदाज घ्यायला त्याने चार-पाच वर्षांपूर्वी बसवलेली दोन घरे पाहून या. नवी बसवलेली घरे सगळेच दाखवतात.

'इतक्या वर्षांत पैसे वसूल' या तक्त्याकडे मी शेवटी पाहतो, कारण तो वरच्या सगळ्यावर उभा असतो. त्यात विजेचा दर दरवर्षी किती टक्के वाढेल असे धरले आहे ते पाहा. ८ टक्के धरले की कोणतीही यंत्रणा आकर्षक दिसते. तोच तक्ता २ किंवा ३ टक्क्यांवर करून मागा. पॅनेलची घट, इन्व्हर्टर एकदा बदलण्याचा खर्च आणि तयार झालेल्या विजेतली किती घरात वापरली जाईल, हे त्यात आहे का तेही. दिवसभर घर बंद राहत असेल तर बॅटरीशिवाय जेमतेम तिसरा हिस्सा घरात वापरला जातो. बाकीच्याला पाठवण्याचा दर लागू होतो. अनुदान असेल तर ते वजा न करता मूळ रक्कम आणि अनुदान वेगवेगळे लिहून घ्या, आणि अनुदान न मिळाल्यास फरक कोण सोसेल तेही.

पैसे टप्प्यांनी द्या. आगाऊ थोडे, माल जागेवर आल्यावर आणि त्याचे मॉडेल व अनुक्रमांक कोटेशनशी जुळल्यावर पुढचे, आणि एक चांगला हिस्सा वीज कंपनीची परवानगी मिळून, मीटर बसून, यंत्रणा सुरू झाल्यावर. कोटेशनमध्ये 'किंवा समतुल्य' हे शब्द असतील तर खोडून घ्या, नाहीतर ठरलेला इन्व्हर्टर येईलच असे नाही. काम संपल्यावर आयईसी ६२४४६ मध्ये सांगितलेली कागदपत्रे आणि मोजमापे मिळाली पाहिजेत: प्रत्यक्ष जोडणीचा नकाशा, प्रत्येक स्ट्रिंगचा व्होल्टेज, इन्सुलेशनचे आणि अर्थिंगचे माप. देखरेखीच्या अॅपचे मुख्य खाते तुमच्या नावाने असावे. बसवणाऱ्याच्या नावाने राहिले आणि पुढे संबंध तुटले, तर स्वतःच्या घरातल्या यंत्रणेची माहिती मिळवायला कंपनीला विनवण्या कराव्या लागतात.

तुमच्या तीन कोटेशनांबद्दल, आता आहेत त्या स्थितीत माझे मत असे. पहिले कोटेशन अजून कोटेशन नाही; मागणीच्या पानावर त्याने तपशील भरून दिले आणि तरीही ते स्वस्त राहिले तर आनंदाने विचार करा, पण माझा अंदाज आहे की बॅकअप बोर्ड, संरक्षण साहित्य आणि परवानगीचे काम धरले की ते दुसऱ्याच्या जवळ येईल. दुसरे सर्वांत जबाबदारीने लिहिलेले दिसते. त्याला बॅटरीची मेगावॉट-तासातली मर्यादा, तिचा सलग विद्युतप्रवाह आणि पंपाबद्दलचे वाक्य, एवढे तीनच प्रश्न विचारा. तिसऱ्याला सावलीचा अभ्यास मागा. अभ्यासात सावली खरीच असेल तर ४.४ किलोवॉटचे कारण आणि जास्तीची रक्कम दोन्ही पटण्यासारखे आहे. नसेल तर तुम्ही मोकळ्या छतावर सावलीच्या उपायाचे पैसे देत आहात. तिघांपैकी छतावर प्रत्यक्ष चढून माप घेतले कोणी, ते मला तुमच्या प्रश्नातून कळले नाही. ज्याने घेतले नसेल त्याला आधी बोलवा. बारा महिन्यांची युनिट, तुमच्या दराची रचना आणि वीज किती वेळा, किती तास जाते एवढे तुम्ही कळवलेत तर बॅटरीचा आकार किती असावा, की आत्ता नसावीच, तेही नेमके सांगता येईल.